डे ला सोलचा पहिला अल्बम ऐकून आधी हसू आलं, मग डोकं उठलं. चुकतंय कुठं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा होता: मित्राने फार कौतुक केलं म्हणून डे ला सोल या अमेरिकन हिप-हॉप ग्रुपचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' दोनदा ऐकलास, पहिल्यांदा मजा आली, हसलास, दुसऱ्यांदा मात्र मधले गेम शोचे तुकडे, फ्रेंचची शिकवणी, योडलिंग, कानात कुजबुज हे सगळं ऐकून वैताग आला. आता विचारतोयस की दादा, हे हिप-हॉपच आहे का, लोक याला एवढं डोक्यावर का घेतात, आणि माझ्या कानात काही बिघाड आहे का.

कानात बिघाड नाहीये, उलट तुझी रिअ‍ॅक्शन अगदी बरोबर क्रमाने चाललीय. मी वीसेक वर्षं बीट, म्हणजे रॅपच्या खालचं संगीत, बनवतोय, लोकांचे मिक्स करतोय, आणि हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकलाच बंद केला होता. पहिल्या वेळी ऐकू येतो तो विनोद. दुसऱ्या वेळी विनोद माहीत असतो म्हणून तो संपलेला वाटतो आणि नुसता पसारा उरतो. पसाऱ्याच्या खाली काय चाललंय ते तिसऱ्या-चौथ्या वेळेला ऐकू यायला लागतं, आणि तिथवर बहुतेक लोक पोचतच नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही, अल्बमच तासाभरापेक्षा मोठा आहे आणि सीडीवर २४ ट्रॅक आहेत.

आधी जरा मागचं सांगतो, कारण त्याशिवाय हा विचित्रपणा हवेतून आल्यासारखा वाटतो. १९८९ साल. न्यूयॉर्क शहरातून नाही, शहराबाहेर लाँग आयलंडवरच्या अ‍ॅमिटीव्हिलमधून आलेली तीन पोरं, पॉसडनूस, ट्रूगॉय आणि मेसिओ, तिघंही विशीच्या आसपास. ट्रूगॉय हे नाव म्हणजे 'योगर्ट' उलटं लिहिलेलं, कारण त्याला दही आवडायचं, यावरूनच काय ते समज. प्रोड्यूसर प्रिन्स पॉल, तोही त्याच गावचा, स्टेट्सासॉनिक या ग्रुपचा डीजे, आणि तोही फार तर एकवीस-बावीसचा. म्हणजे स्टुडिओत कोणी मोठं माणूस नाही 'हे असं नसतं करायचं' म्हणायला. त्याच्या वर्षभर आधीच पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपचा दणदणीत, सायरन वाजवणारा दुसरा अल्बम आलेला, एनडब्ल्यूए हे गँगस्टा रॅपवाले येऊन धडकलेले, जिकडंतिकडं सोन्याच्या जाड साखळ्या, ट्रॅकसूट आणि कपाळावर आठ्या. त्यात ही पोरं फुलाफुलांचे शर्ट घालून डेझीची फुलं छापलेला झगझगीत कव्हर घेऊन आली. 'टेक इट ऑफ' नावाच्या छोट्या ट्रॅकमध्ये तर ते चक्क त्या काळच्या फॅशनची एकेक वस्तू नाव घेऊन काढून टाकायला सांगतात. गंमत आहे, पण गंमतीच्या आड एक भूमिका आहे, की रॅप करायला अमुकच दिसलं पाहिजे असं कोणी ठरवलं?

आता मुद्द्याचं. मला या अल्बमबद्दल एकच गोष्ट सांगायचीय: हा अल्बम वाजवणाऱ्यांनी बनवलेला नाही, ऐकणाऱ्यांनी बनवलाय. तू जसा श्रोता म्हणून बसलायस ना, तसेच हेही श्रोते होते, घरातल्या मोठ्यांच्या रेकॉर्डी उपसत बसलेले. त्यांचं पहिलं सिंगल 'प्लग ट्यूनिन' १९८८ मध्ये आलं, त्याचा मूळ तुकडा (असा दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून कापून घेतलेला तुकडा म्हणजे सॅम्पल) द इन्व्हिटेशन्स नावाच्या जुन्या सोल ग्रुपच्या रेकॉर्डमधला, पॉसच्या वडिलांच्या संग्रहातला. आणि घरातल्या संग्रहात फक्त 'कूल' रेकॉर्डी थोड्याच असतात, त्यात लहान मुलांची गाणी असतात, कंट्री असतं, भाषा शिकवणारी तबकडी असते. बाकीचे बीटमेकर तेव्हा बहुतेक जेम्स ब्राउनचे ड्रम आणि फंक खणत होते. यांनी जे जे घरात होतं ते सगळं ओतलं. म्हणून तुला ते वेगवेगळ्या जातीचं एकत्र केल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच ते कृत्रिम वाटत नाही, निदान मला तरी नाही वाटत. आजकाल 'आम्ही जॉनर मिसळतो' म्हणून ठरवून बनवलेले अल्बम येतात त्यात मिसळण्याचा घाम दिसतो, इथे तसं नाहीये.

नावच बघ. 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हे जॉनी कॅशच्या १९५९ च्या पुराच्या गाण्यावरून आलंय, ज्यात पाणी एकेक फुटाने चढत जातं. कंट्रीवाला जॉनी कॅश, हिप-हॉप अल्बमच्या नावात! पहिलं खरं गाणं 'द मॅजिक नंबर', त्याचा पाया बॉब डोरोचं १९७३ चं गाणं, जे अमेरिकेत टीव्हीवर कार्टूनमध्ये मुलांना तीनचा पाढा शिकवायला लावायचे. आपण तीन जण, म्हणून तीनचा पाढा. इतका साधा बालिश विचार, आणि त्यावर पॉस आणि ट्रूगॉय जे शब्द टाकतात ते मात्र अजिबात बालिश नाहीत.

तुला ज्याचा सगळ्यात जास्त वैताग आला ते 'पॉटहोल्स इन माय लॉन' घे. ते योडलिंग आणि ते टॉइंग-टॉइंग वाजणारं, ते आपल्या मोरचंगाच्याच जातीतलं वाद्य आहे, ओठात धरून बोटाने छेडायचं. हे दोन्ही कुठल्या गोऱ्या कंट्री रेकॉर्डवरून घेतलंय असं वाटतं ना? नाही. ते पार्लमेंट या बँडच्या १९७० च्या अल्बममधलं आहे, जॉर्ज क्लिंटनची टोळी, फंकचे बाप लोक, त्यांनीच आधी कंट्रीची नक्कल करून ठेवलेली. म्हणजे फंकवाल्यांनी केलेली थट्टा वीस वर्षांनी रॅपवाल्यांनी उचलली. आणि त्यावर गाणं कशाबद्दल आहे? दुसरे रॅपर आमच्या ओळी चोरतात, त्याने आमच्या अंगणातल्या हिरवळीत खड्डे पडलेत. तू म्हणालास की शब्द कळत नाहीत, बरोबर आहे, कळू नयेत अशाच बेताने लिहिलेत, यांची आपसातली एक बोली होती. 'बडी' म्हणजे दोस्त नाही, शरीर. असं बरंच आहे. आपण शाळेत 'च'ची भाषा बोलायचो तसंच काहीसं, फरक एवढाच की यांनी ती रेकॉर्ड करून दुकानात ठेवली.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण हे बाहेरून दिसत नाही. 'आय नो' हे गाणं तुला 'त्यातल्या त्यात बरं' वाटलं असं लिहिलंयस. मी म्हणेन या अल्बममधली सगळ्यात सुबक शिलाई तिथे आहे. त्यात स्टीली डॅन या बँडच्या १९७७ च्या 'पेग'मधली गायलेली ओळ आहे, गाण्याचं नावच त्या ओळीतून निघालंय. मॅड लॅड्स या मेम्फिसच्या सोल ग्रुपचा तुकडा आहे. आणि वर ती शीळ, ती सोल गायक ओटिस रेडिंगची, 'डॉक ऑफ द बे'च्या शेवटची, जे गाणं त्याने डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात जायच्या काही दिवस आधी रेकॉर्ड केलं होतं. लॉस एंजेलिसचा घासूनपुसून लख्ख केलेला जॅझ-रॉक, मेम्फिसचा सोल आणि एका माणसाची शेवटची शीळ, आणि ऐकताना असं वाटतं की हे सगळे एकाच खोलीत बसून वाजवतायत.

हे सोपं का नाही ते सांगतो. आज लॅपटॉपवर स्वर वेगळा बदलता येतो, लय वेगळी बदलता येते. तेव्हा सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवणाऱ्या मशीनमध्ये, हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असायचे, तुकडा एक सेमिटोन (अर्धा स्वर) वर नेलास की तो साधारण सहा टक्के जलद होणार, म्हणजे १०० च्या लयीतला तुकडा १०६ वर जाणार. खाली आणलास तर रेंगाळणार. त्यामुळे दोन वेगळ्या रेकॉर्डी सुरातही जुळल्या पाहिजेत आणि लयीतही, आणि नाही जुळल्या तर तुकडा कापून, त्यातला एखादाच ठोका घेऊन, मोकळी जागा सोडून भागवायचं. त्यात मेमरी नावाला. त्या काळात न्यूयॉर्कच्या बीटमेकरांचं लाडकं ई-म्यू एसपी-१२०० हे १९८७ चं मशीन घे, सगळं मिळून दहा सेकंदांच्या आसपास आवाज मावायचा त्यात. लोक काय करायचे, तर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या स्पीडवर वाजवून पटकन आत घ्यायची आणि मशीनमध्ये परत हळू करायची, दहाचे साडेतेरा सेकंद व्हायचे, आवाज थोडा खरखरीत व्हायचा, आणि ती खरखर पुढे सगळ्यांना आवडायलाच लागली. आज लोक पैसे देऊन ती खरखर परत घालतात, असो.

शीळ इतकी चपखल का बसते यालाही कारण आहे. शीळ म्हणजे एका वेळी एकच स्वर, तिच्यात कॉर्ड नाही, खाली बास नाही, त्यामुळे भांडायला काही नसतंच. मी नवीन असताना दोन आवडत्या सोल रेकॉर्डी एकावर एक ठेवल्या होत्या, दोन्हीत बास भरपूर, दोन्हीत पियानो. रात्रभर बसलो, गायक बेसुरा वाटायला लागला, वाटलं माझं मशीनच बिघडलं. सकाळी एका जुन्या माणसाने ऐकून एवढंच म्हटलं की अरे दोन बास एकमेकांना खातायत, एकाचा गळा काप. खालची फ्रिक्वेन्सी उडवली आणि गाणं उभं राहिलं. तेव्हापासून हा अल्बम मला वेगळाच ऐकू येतो, कारण प्रिन्स पॉलने कुठं काय कापलंय आणि कुठं मुद्दाम थोडं बेसूर राहू दिलंय ते दिसायला लागलं. काही ठिकाणी राहू दिलंय, हे खरंय. 'ही चूक आहे की काय' असं तुला दोन-तीन जागी वाटलं म्हणतोस, तिथं बहुतेक तेच असणार. तो किंचित खटका काढून टाकला असता तर ते गाणं गुळगुळीत झालं असतं.

'मग एवढी गंमत कशाला, गाणी चांगली आहेत तर नुसती गाणी द्यायची ना?' हा तुझा प्रश्न मला आवडला, कारण इथे माझं मत अर्धं तुझ्या बाजूने आहे. गेम शोचा तो धागा, कोंबडीला पिसं किती, बॅटमोबाइल किती वेळा पंक्चर झाली वगैरे प्रश्न विचारणारा, तो त्या काळात नवा होता. रॅप अल्बमच्या मधेमधे नाट्यछटा टाकायची पद्धत रुळली ती या अल्बमपासून, आणि पुढे दहा-पंधरा वर्षं प्रत्येक रॅपरने ती इतकी वापरली की वीट आला. तू ती सगळी नक्कल आधी ऐकून मग मूळ ऐकतोयस, त्यामुळे मूळच शिळं वाटणार, याला इलाज नाही. तरी त्या तुकड्यांचं एक काम आहे. कंट्री, सोल, पाढे, रॉक हे एका ओळीत लावायचं तर दोन गाण्यांच्या मधे काहीतरी हवं जे कानाला म्हणेल की बाबा, इथे काहीही होऊ शकतं. 'कूल ब्रीझ ऑन द रॉक्स' पाऊण मिनिटाचा ट्रॅक आहे, नुसते वेगवेगळ्या रेकॉर्डींमधले 'रॉक' हा शब्द असलेले तुकडे एकामागे एक. गाणं म्हणून शून्य. पण त्यानंतर तुम्ही मला काहीही ऐकवा, मी तयार असतो. उलट 'डे ला ऑर्जी' हा तुकडा मला आजही निव्वळ पोरकट वाटतो, तो काढून टाकला असता तर कोणाचंच काही अडलं नसतं, आणि कुजबुजवाला 'कॅन यू कीप अ सीक्रेट' एकदा ऐकला की पुरे. क्लासिक म्हटलं म्हणून सगळं गिळलंच पाहिजे असं काही नाही.

तो फ्रेंच शिकवणीचा तुकडा मात्र स्किप करू नकोस. 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स', जेमतेम मिनिटभराचा. खाली द टर्टल्स या जुन्या बँडच्या 'यू शोड मी'चा तुकडा हळू केलेला, वर फ्रेंच शिकवणारी तबकडी. हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते, मला तरी वाटते. आणि या एका मिनिटाने सगळ्यांच्या गळ्यात दोरी आली. बाकीच्या बऱ्याच तुकड्यांची परवानगी काढली होती, हा एवढासा तुकडा राहिला, टर्टल्सच्या मंडळींनी कोर्टात खेचलं, प्रकरण पैसे देऊन बाहेर मिटलं. नंतर डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या एका सॅम्पलवरून कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला, तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची परवानगी आधी काढायची हे पक्कं झालं. परिणाम काय, तर असा अल्बम, जिथे एका गाण्यात चार-पाच वेगळ्या मालकांचे तुकडे आहेत, तो पुढे बनवणं परवडेनाच. तू विचारलंस ना 'असं अजून कोणी का नाही केलं', त्याचं निम्मं उत्तर वकिलांच्या फीमध्ये आहे.

त्याचीच पुढची कडी म्हणजे तुझ्या मित्राला हा अल्बम इतकी वर्षं ऑनलाइन मिळाला नसेल. जुन्या करारांमध्ये रेकॉर्ड आणि कॅसेटचा उल्लेख, डिजिटलचा पत्ताच नाही, म्हणून स्ट्रीमिंगवर यायचं घोडं अडलेलं. २०१४ मध्ये तर वैतागून या लोकांनी स्वतःच एका दिवसासाठी सगळी गाणी फुकट वाटली. अधिकृतपणे स्ट्रीमिंगवर आला ३ मार्च २०२३ ला. ट्रूगॉय १२ फेब्रुवारीला गेला. तीन आठवड्यांनी हुकलं. त्यामुळे आमच्यासारख्या जुन्या लोकांनी त्या दिवशी 'आय नो' लावलं तेव्हा ती ओटिसची शीळ जरा वेगळीच लागली, हे खरं.

आणि 'सगळं गोड गोड, फुलंबिलं' हा तुझा आक्षेप. तो आक्षेप तेव्हाही होता, लोकांनी यांना हिप्पी म्हणून हिणवलं, आणि हे त्यावर इतके चिडले की १९९१ चा दुसरा अल्बम काढला तोच 'डे ला सोल इज डेड' नावाचा, कव्हरवर डेझीची कुंडी उलटून फुटलेली. पण पहिल्या अल्बममध्येसुद्धा सगळं गोड नाहीये. 'से नो गो' ऐक, हॉल अँड ओट्स या पॉप जोडीच्या १९८१ च्या हिटचा तुकडा, नाचावंसं वाटेल असा, आणि शब्दांमध्ये क्रॅक कोकेनचं व्यसन, त्यात जन्माला येणारं बाळ. 'घेटो थँग' तर सरळ गरिबीवर आहे, एक विनोद नाही. गडबड अशी होते की आवाज चढवत नाहीत ही पोरं. शेजारी बसून बोलल्यासारखं रॅप करतात, ठोक्याच्या किंचित मागे रेलून, त्यामुळे गंभीर गोष्ट पण कानावरून निघून जाते. त्या काळी बाकी सगळे ओरडत होते, त्यात हळू बोलायला जास्त हिंमत लागते, हे मी मिक्सिंग टेबलवर बसून शिकलोय, घाबरलेला रॅपर नेहमी आवाज चढवतो.

बरं, आता करायचं काय. हेडफोनवर ऐकत असशील तर आधी आवाज वाढव, जुनं मिक्स आहे, आजच्या गाण्यांइतकं दाबून मोठं केलेलं नाही, आजच्या आवाजाच्या पातळीवर लावलं तर पातळ वाटणार. पहिल्यापासून सुरू करू नकोस. 'आय नो' लाव, आणि पहिल्यांदा फक्त शीळ कधी येते कधी जाते तेवढंच बघ. मग 'से नो गो' शब्द समोर ठेवून. मग 'पॉटहोल्स', आता मोरचंगाचं माहीत आहे म्हटल्यावर वेगळं वाटेल. मग 'ट्रेड वॉटर', ज्यात प्राणी येऊन सल्ला देतात, मुलांच्या गोष्टीसारखं, पण सल्ला बुडू नकोस, पाय मारत राहा असा आहे. 'मी मायसेल्फ अँड आय' सगळ्यात गाजलं, फंकाडेलिक या फंक बँडच्या १९७९ च्या गाण्यावर, आणि गंमत म्हणजे खुद्द या लोकांना ते फारसं आवडायचं नाही. मला ते ठीक वाटतं, त्याहून जास्त नाही. हे पाच-सहा झाले की एखाद्या रिकाम्या संध्याकाळी अख्खा अल्बम न थांबवता, फोन बाजूला ठेवून.

'हे हिप-हॉपच आहे का' याचं उत्तर द्यायचं राहिलं. दोन टर्नटेबलांवर दुसऱ्याच्या रेकॉर्डी एकमेकींना जोडून त्यावर बोलायचं, हिप-हॉप सुरूच तिथून झालं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. त्या हिशोबाने हा अल्बम बऱ्याच 'खऱ्या' म्हणवणाऱ्या अल्बमपेक्षा जास्त हिप-हॉप आहे, फक्त रेकॉर्डींचं खोकं वेगळ्या घरातलं होतं.

सगळं करूनही नाहीच आवडला तर जंगल ब्रदर्सचा १९८९ चा दुसरा अल्बम ऐक किंवा अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा १९९० चा पहिला, ही सगळी एकाच कंपूतली मंडळी, 'बडी'वर जंगल ब्रदर्स आणि ट्राइबचा रॅपर क्यू-टिप आहेतच. त्यात नाट्यछटा कमी आणि गाणी जास्त आहेत. आणि मित्राला विचार की त्याने 'डे ला ऑर्जी' शेवटचं पूर्ण कधी ऐकलं होतं.